आईचा वाटा

परवा रात्री टीव्हीवर जपानमधल्या बायका दाखवत होत्या. अंगात काळे घट्ट कपडे, डोळ्यांवर काच. एका दमात समुद्राच्या तळाशी जायचं आणि मूठभर काटेरी काळे गोळे घेऊन वर यायचं. इंग्रजीत सी अर्चिन म्हणतात ते. गोळा फोडला की आत जिभेसारखे पाच पिवळे-नारिंगी तुकडे दिसतात. ते चमच्यानं काढून कच्चेच खायचे. त्यातल्या काही बायका सत्तरी ओलांडलेल्या, म्हणजे माझ्याच वयाच्या होत्या. नातू शेजारी बसून जेवत होता. तो म्हणाला, “शी! आजोबा, असलं कसं काय खातात हे लोक?”

मी त्याच्या ताटाकडे बघितलं. ताटात तिसऱ्यांचं सुकं होतं आणि पठ्ठ्या शिंपली तोंडाला लावून चोखत होता.

ते काटेरी गोळे आमच्या गोव्यातही आहेत. खडकाळ किनाऱ्यावर कपारींत बसलेले असतात. लहानपणी वागातोरच्या खडकांवर माझा पाय एकावर पडला होता. काटा आत जाऊन मोडतो, निघता निघत नाही. चार दिवस लंगडत शाळेत गेलो. आमच्याकडे ते कोणी खात नाही. शिंपलीत राहणारं मात्र बहुतेक सगळं खातात. तिसऱ्या, खुबे, शिणाणे, कालवं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना ही नावं परकी वाटतील, म्हणून सांगतो. तिसरी म्हणजे दोन शिंपल्यांच्या डबीत बंद असलेला, बोटाच्या पेराएवढा जीव. तो नदीच्या तोंडाशी, खारं आणि गोडं पाणी मिसळतं तिथल्या वाळूत राहतो. खुबे त्याचेच जरा जाड आणि काळपट भाऊबंद. शिणाणे आणि कालवं खडकाला चिकटून असतात. ती खरवडून किंवा फोडून काढावी लागतात. तिसऱ्यांना हत्यार लागत नाही. पाय लागतात, पाठ लागते, आणि तिथी माहीत असावी लागते.

मी तिसऱ्यांवर वाढलो. हे वाक्य लिहायला मला सत्तरी यावी लागली.

आमचं गाव शापोरा नदीच्या बार्देस बाजूला, शिवोलीहून जरा आत, कोलवाळच्या दिशेनं. समोरच्या तीरावर पेडणे तालुका. आज पूल आहे, तेव्हा फेरीबोट होती. वडील म्हापशाच्या बाजारात एका पेढीवर हिशेब लिहायचे. १९६४ साली ते तापानं गेले. मी तेरा वर्षांचा, पाठच्या दोन बहिणी नऊ आणि सहा वर्षांच्या. आई छत्तीसची. गोवा मुक्त होऊन तीन वर्षं झाली नव्हती. रुपये-पैसे, कायदे, शाळा, सगळं नवीन येत होतं. पण आमच्या घराण्यातले नियम जुनेच होते. नवरा गेलेल्या बाईनं कुंकू पुसायचं, हिरवी चोळी सोडायची, आणि मासळी सोडायची.

देशावरच्या वाचकांना या शेवटच्या नियमाचा अर्थ कळणार नाही. आमच्याकडे भात आणि हुमण, म्हणजे माशाची आमटी, हे रोजचं जेवण. सोमवार आणि सणवार सोडले तर मासळीशिवाय पान वाढलं जात नाही. त्या घरात एका बाईनं मासळी चिरायची, धुवायची, शिजवायची, वाढायची, आणि स्वतः बाजूला बसून लोणच्याशी भात खायचा. पुरुषाची बायको गेली तर त्याला हा नियम नव्हता. हे मला तेव्हा खटकलं नाही, हेही लिहून ठेवतो.

काकांनी वर्षभर तांदूळ दिले. पुढे तेही आटलं. काका वाईट नव्हते, त्यांची पाच मुलं होती. घराशेजारी एक मावशी राहायची. नात्यातली नव्हे, आम्ही मावशी म्हणायचो. ती नदीत उतरून तिसऱ्या काढायची आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात वाटे लावून विकायची. तिच्या घरात हेच काम पिढ्यानपिढ्या चाललेलं. एक दिवस आईनं तिला विचारलं, “मी येऊ?” मावशी म्हणे घाबरली. आमच्या घरातल्या बाईनं कासोटा घालून नदीत उतरायचं, तेही नवरा गेलेल्या, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. काकांनी ऐकलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी तडजोड झाली. आईनं उजाडायच्या आत जायचं, उजाडायच्या आत यायचं, आणि बाजारात पाय ठेवायचा नाही. विकायचं काम मावशीचं, पैसे निम्मे निम्मे.

आता ही तडजोड करताना काकांना एक गोष्ट माहीत नव्हती. नदीला काकांची वेळ कळत नाही.

आईचं शिक्षण मराठी तिसरी. पण ओहोटीचा हिशेब तिच्यासारखा करणारा माणूस मी बँकेतही बघितला नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आमच्या भाषेत सुकती. म्हणजे चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला सुकती. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे सव्वापाचला पाणी उतरलेलं. नदीत आत असल्यामुळे आमच्याकडे अर्धा-पाऊण तास उशीर धरायचा. रोज ही वेळ पाऊण तासानं पुढे सरकते. शिवाय अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. एरवी न दिसणारा वाळूचा पट्टा तेव्हाच उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्या दिवसांत जाऊन उपयोग नाही.

म्हणजे अमावास्येला आणि प्रतिपदेला ती अंधारात जाऊन अंधारात परत येऊ शकायची. द्वितीयेला उजाडायचं. तृतीया-चतुर्थीला तर चांगलं ऊन. चांगल्या तिसऱ्या मिळायच्या त्या याच दिवसांत. पहिल्या महिन्यात आई दोनच दिवस गेली. दुसऱ्या महिन्यात तीन. तिसऱ्या महिन्यापासून ती चतुर्थीला सकाळी नऊ वाजता ओलं लुगडं आणि डोक्यावर टोपली अशी भर रस्त्यानं घरी यायला लागली. काका ओसरीवर बसलेले असायचे. ते पेपर तोंडासमोर धरायचे. तसा तो पेपर आदल्या आठवड्याचा असायचा.

शनिवारी-रविवारी मी तिच्याबरोबर जायचो. आधी हौसेनं, पुढे नाइलाजानं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि तळपायानं वाळू चाचपायची. टाच रोवून पाय जरा फिरवला की खाली टणक लागतं. दगड आणि तिसरी यातला फरक तळपायाला कळायला मला एक हंगाम लागला. आईला आठ दिवसांत कळला. मग अंगठ्यानं धरायचं किंवा बुडी मारून हातानं काढायचं. पाणी उतरलं की ओल्या वाळूवर शेजारीशेजारी दोन बारीक भोकं दिसतात. ती तिसरीच्या श्वासाची. तिथं करवंटीनं वाळू ओरबाडायची. लहान तिसरी परत टाकायची. मावशी याबाबतीत फार कडक होती. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान शिंपली कुणाच्या टोपलीत दिसली तर ती टोपली पाण्यात ओतायची. हंगाम दिवाळीनंतरचा. मृगाचा पाऊस लागला की नदीला गोडं पाणी येतं, मग बंद.

थंडीत पहाटेचं पाणी कसं असतं ते सांगून कळणार नाही. आईच्या पायांच्या बोटांमधली कातडी कायम पांढरी, भेगाळलेली असायची. रात्री ती त्यात खोबरेल आणि मेण गरम करून भरायची.

घरी आणलेल्या तिसऱ्या नदीच्याच पाण्यात रात्रभर ठेवायच्या. गोड्या पाण्यात ठेवल्या तर तोंड मिटून मरतात, खाऱ्यात ठेवल्या तर वाळू थुंकून टाकतात. सकाळी ज्याचं तोंड उघडं आहे आणि टिचकी मारली तरी मिटत नाही ती मेलेली, फेकायची. मग विळीच्या पात्यावर दोन शिंपल्यांच्या मध्ये धार घालून डबी उघडायची. मांस एका शिंपलीत ठेवायचं आणि रिकामी शिंपली टाकायची. आत जे पाणी असतं ते सांडायचं नाही. ते वेगळ्या भांड्यात धरायचं, वाळू खाली बसू द्यायची, वरचं निवळ सुक्यात घालायचं. खोबरेलात कांदा, वर हळद, लाल मिरची-धण्याचं जाडसर वाटण, ओलं खोबरं, आणि आंबटाला भिंडाची सोलं. पाच-सात मिनिटांचं काम. जास्त शिजवलं तर तिसरी रबर होते. मीठ अगदी शेवटी, कारण त्या पाण्यातच खारटपणा असतो, आणि तो रोज वेगळा असतो. उधाणाच्या तिसऱ्या जास्त खारट, भांगाच्या कमी.

आणि इथं आईची अडचण. तिला चव बघता यायची नाही.

ती कढईवर वाकायची, वाफ हुंगायची, चिमूटभर मीठ टाकायची, आणि हाक मारायची, “मीठ बघ रे.” ते माझं काम. डावाच्या टोकावर थोडा रस घेऊन ती माझ्या तळहातावर घालायची. मी चाटायचो आणि सांगायचो. बरोबर, कमी, किंचित जास्त. बहुतेक वेळा बरोबरच असायचं. कधी कधी मी मुद्दाम “कमी” म्हणायचो, म्हणजे ती अजून एकदा तळहातावर घालील. तिला ते कळत असावं. तशा वेळी ती कढईत मीठ टाकायचीच नाही, नुसता हात फिरवायची.

आम्ही तिघं भावंडं पानाच्या कडेला रिकाम्या शिंपल्या ओळीनं मांडायचो. ज्याची ओळ लांब तो जिंकला. आई समोर बसून वाढायची. सगळं उरकलं की त्या शिंपल्या गोळा करून परसातल्या माडांच्या बुंध्याशी टाकायची. त्यांचा ढीग झाला की चुना भाजणारा येऊन घेऊन जायचा. त्याचेही पैसे यायचे, थोडेच.

या पैशांवर आम्ही शिकलो. म्हापशाला कॉलेज, मग मुंबई विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी, कारण गोवा विद्यापीठ तेव्हा नव्हतं, ते १९८५ चं. फी भरायच्या वेळी आई लुगड्याच्या पदरातून नोटा काढायची. त्यांना नदीचा वास यायचा. मी त्या नोटा आधी पुस्तकात दोन दिवस दाबून ठेवायचो आणि मग भरायचो. वर्गात कुणी विचारलं तर आई शिवणकाम करते म्हणून सांगायचो. एका मित्रानं तर पोलका शिवायला दिला होता त्याच्या बहिणीचा. तो मी म्हापशाच्या शिंप्याकडून शिवून आणून दिला, स्वतःच्या पैशानं. म्हणजे आईच्याच.

१९७३ साली बँकेत लागलो. आधी कारकून, सहा वर्षांनी ऑफिसर. १९७८ साली लग्न झालं. बायको बेळगावची, वडगावची. त्या घरात मासळी महिन्यातून एकदा, तीही बाजारातली सुरमई. तिला तिसऱ्या उघडायला आईनं शिकवलं. माझ्या पगारावर घर चालायला लागलं तरी आई नदीवर जातच होती. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, हे तिचं कारण. मला ते आवडायचं नाही. माझं कारण मी सांगत नव्हतो.

आता बँकेतली ती गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायको सोडून.

१९८२ च्या सुरुवातीला मी पेडणे तालुक्यातल्या एका शाखेत कर्जांचं टेबल सांभाळत होतो. गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना होती, डीआरआय म्हणायचो आम्ही, १९७२ पासूनची. बँकांना तिचं लक्ष्य पुरं करावं लागायचं, आणि आमच्या शाखेचं कधी पुरं व्हायचं नाही. एक दिवस साठीची एक बाई आली. तिसऱ्या काढायचा धंदा. तिला जुनं होडकं घ्यायचं होतं, पलीकडच्या वाळूवर जाण्यासाठी. मागणी सहाशे रुपयांची. मी फॉर्म पुढे ओढला. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि भर शाखेत, चार गिऱ्हाईकं आणि शिपाई ऐकत असताना, मोठ्यानं म्हणाली, “तू त्या शिवोलीकडच्या बायचो झील मां? आमी एकाच वाळयेर असतंव.” तुमची आई आणि मी एकाच वाळूवर असतो.

मी म्हटलं, बसा. कॅशियर हसला की नाही ते मला आज आठवत नाही. तेव्हा मात्र सगळी शाखा हसल्यासारखी वाटली.

फॉर्ममध्ये रकाना होता: व्यवसायाचे ठिकाण. दुसरा होता: माल व त्याची अंदाजे किंमत. तिसरा: व्यवसायाचा पुरावा. त्या बाईच्या धंद्याचा आकडा त्या तालुक्यात मला जितका पाठ होता तितका कुणाला असेल असं वाटत नाही. उधाणाचे किती दिवस, दिवसाला किती वाटे, वाट्याला काय भाव, पावसाळ्याचे महिने वजा, हे सगळं मी डोळे मिटून मांडून दिलं असतं. सहाशे रुपये एका हंगामात फिटले असते. मी त्या रकान्यांत रेघा मारल्या आणि खाली लिहिलं: व्यवसायाचे निश्चित ठिकाण नसल्याने शिफारस नाही. मॅनेजरांनी न वाचता सही केली. माझ्या अक्षरावर त्यांचा विश्वास होता.

पंधरा दिवसांनी घरी जेवायला बसलो. आईनं वाढलं. भात, सुकं, सोलकढी. मग समोर बसली आणि म्हणाली, “न्हंयचो पत्तो मागलो तुवें?”

नदीचा पत्ता मागितलास तू? एवढंच. आवाज चढलेला नव्हता. मी नियम सांगायला लागलो. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर “जेव” म्हणाली आणि उठली. त्या दिवशी मीठ बघायला तिनं मला बोलावलं नव्हतं. पुढंही कधी बोलावलं नाही. माझी मोठी मुलगी तेव्हा लहान होती, तिच्या तळहातावर घालायला लागली.

मी तो फॉर्म पुन्हा काढला. व्यवसायाच्या ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं: शापोरा नदी, सुकतीच्या वेळी. शिपायाला त्या बाईच्या वाड्यावर पाठवलं. ती आली नाही. तिनं नाकातली चीप विकून होडकं घेतलं होतं, असं शिपाई सांगत आला. पुन्हा एकदा मी स्वतः गेलो. तिनं मला चहा दिला, माझ्या आईची विचारपूस केली, आणि कर्जाचा विषय निघाला तेव्हा हात जोडले.

१९८४ साली बहिणीचं लग्न झालं आणि आईनं नदी सोडली. मी सांगितलं म्हणून नव्हे. गुडघे गेले म्हणून.

पुढची वीस वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. बदल्या झाल्या, पर्वरीला फ्लॅट घेतला, मुलं शिकली. नदीतून रेती काढणाऱ्या होड्या वाढल्या. वाळू गेली तिथली तिसरी गेली. वाळूशिवाय ती राहणार कुठं? मावशी वारली. तिची मुलं कुणी गाडी चालवतो, कुणी हॉटेलात आहे. बाजारात तिसऱ्या अजून मिळतात, पण मावशीनं ओतून दिल्या असत्या अशा बारक्याही त्यात असतात.

२००२ च्या सुमारास आई विसरायला लागली. आधी चष्मा, मग दूध, मग नावं. डॉक्टर म्हणाले, वयाचा आजार आहे, वाढत जाईल. २००३ च्या मार्चमध्ये एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझी बायको तिसऱ्या उघडत होती. आई म्हणाली, “माका वाढ गो आज. तेंका वाढलंस? ते जेवले?”

ते म्हणजे माझे वडील.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आई, आज सोमवार.” त्या दिवशी गुरुवार होता. आई म्हणाली, “मगे फाल्यां.” उद्या. आणि जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. मी पुन्हा सांगितलं, आज सोमवार. मंडळी, आमच्या घरात त्या महिन्यात अकरा दिवस सोमवार होता. घरात मासळी करणंच बंद केलं तरी ती विचारायची थांबली नाही. नातवंडं हसायची. मीही एकदा हसलो.

मी तसं का केलं ते सांगतो. तिनं एकोणचाळीस वर्षं जे पाळलं ते तिला आठवत नाही म्हणून आपण मोडायचं, हे मला चोरीसारखं वाटत होतं. तिची शुद्ध तासाभरासाठी परत यायची कधी कधी. तशा वेळी तिला कळलं तर? आणि काकी अजून होती गावाला, नव्वदीची, पण कान तिखट. तिला कोण काय सांगेल? ही दोन्ही कारणं खरी आहेत. यातलं कुठलं मोठं होतं ते मी ठरवू शकलेलो नाही.

बाराव्या दिवशी रात्री बायको म्हणाली, “तुम्हाला एक सांगू? त्यांनी सोडली नव्हती. त्यांना सोडायला लावली होती.”

मी म्हटलं, “तुला काय माहीत?”

“मला त्यांनीच सांगितलंय.” लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, तिसऱ्या उघडायला शिकवताना आईनं तिला सांगितलं होतं. वडील गेल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही मुलं जेवून झोपलेलो. आई शिंपल्या टाकायला परसात गेली होती. एका शिंपलीला थोडा रस लागून राहिला होता. तिनं ती जिभेला लावली. रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी तुळशीला पाणी घालताना हात कापत होते. पुन्हा कधी तिनं तसं केलं नाही. पण चव सांगताना, बायको म्हणाली, त्यांचे डोळे मिटले होते.

पंचवीस वर्षं ही गोष्ट माझ्या घरात होती आणि मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हापशाला गेलो. नेहमीचा शुक्रवारचा बाजार, मिरच्या, शेवाळलेल्या मडक्यांचे ढीग, चण्या-शेंगदाण्याच्या पाट्या. मासळीच्या बाजूला एका तरुण मुलीनं तिसऱ्यांचे वाटे लावले होते. निवडून निवडून दोन वाटे घेतले. तिनं विचारलं, पिशवी आणलीय का. मी म्हटलं, थोडं खारं पाणीही दे. ती हसली आणि तिच्या बादलीतलं पाणी तिनं पिशवीत ओतलं.

बायकोनं सगळं आईच्या पद्धतीनं केलं. पाणी निवळून घेतलं, सोलं घातली, मीठ शेवटी. मला हाक मारली नाही. स्वतःच चव बघितली. आईला पाटावर बसवता येत नव्हतं, खुर्चीवर बसवलं, समोर स्टूल ठेवून त्यावर ताट. उकड्या तांदळाचा भात, सुकं. आई बराच वेळ ताटाकडे बघत बसली. मला वाटलं, आठवलं हिला. मी ताट उचलायला पुढे झालो होतो, खरं सांगतो, माझा हात ताटापर्यंत गेला होता. तेवढ्यात तिनं एक शिंपली उचलली. वरच्या दातांनी मांस ओढून घेतलं, अगदी सराईतासारखं, जसं काही कालच खाल्लं होतं. शिंपली ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी उचलली, ती पहिलीच्या शेजारी ठेवली. तिसरी. ओळ सरळ लागत होती.

पाच-सहा झाल्यावर ती थांबली. जीभ टाळूला लावून बघितली, आणि माझ्या बायकोकडे वळून म्हणाली, “मीठ उणें जालां गो.”

बायको मिठाची बरणी आणायला उठली.